मदत हवी आहे: वाडग्याच्या आतल्या अंगाला दोनच ठिकाणी तंतू उपटले जात आहेत

घाईत_सुतार
नमस्कार मंडळी. लेथवर लाकडी वाडगा कातत आहे. बाहेरची बाजू उत्तम निघाली, परंतु आतल्या अंगाला दोन ठिकाणी, अगदी समोरासमोर, तंतू उपटून खरबरीत चट्टे पडले आहेत. ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून पाहिला, तर आजूबाजूचे लाकूड झिजते आणि चट्टे जागच्या जागी राहतात. शिवाय भिंत संपून तळ सुरू होतो त्या वळणावर हत्यार एकदम आत खेचले जाते आणि जोराचा हादरा बसतो. वाडगा भेट द्यायचा आहे व वेळ थोडा आहे, त्यामुळे "सराव करा, जमेल" हा सल्ला कृपया देऊ नये. नेमके काय करावे, एवढेच सांगावे.

आडवा_छेद
नेमके सांगण्यासाठी नेमकी माहिती लागते. लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाला आडवे आहेत की समांतर? लाकूड ओले आहे की वाळलेले? हत्यार कोणते, आणि ते आतून कोणत्या दिशेने चालवता? व्यास किती, वेग किती? यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही.

कार्बाइडवाला
इतक्या चौकशीची गरज नाही. कार्बाइडची (अतिशय कठीण पदार्थाची) टिप बसवलेले हत्यार घ्यावे, ते टूलरेस्टवर (लेथवरील हत्यार टेकवण्याच्या पट्टीवर) सपाट धरावे आणि पुढे ढकलावे. धार लावण्याची कटकट नाही. टिप बोथट झाली की थोडी फिरवली की नवी धार मिळते. मी ग्राइंडर कधीच विकून टाकला.

आडवा_छेद
@कार्बाइडवाला, सपाट धरलेली टिप लाकूड कापत नाही, खरवडते. तंतू आधीच उपटले जात असताना खरवडणारे हत्यार हाती देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. धागाकर्त्यांच्या उत्तराची वाट पाहू.

तेलपाणी
शेवटचा हात देताना जवसाचे तेल वापरणार असाल, तर तेलाने भिजलेली फडकी चुरगळून एका जागी टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा ढिगाने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. फडकी मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

घाईत_सुतार
@तेलपाणी, धन्यवाद, पण तेलाचा प्रश्न अजून आलेलाच नाही. लाकूड वाळलेले आहे, तंतू आडवे आहेत, व्यास १० इंच. हत्यार गाउज (खोबणीदार पात्याचे कातण्याचे हत्यार) आहे आणि धार चांगली आहे. वेगाचे म्हणाल, तर पट्टा मधल्या पुलीवर आहे. दिशेने काय फरक पडतो, ते कळले नाही. आतून मी तळाच्या मध्यापासून काठाकडे येतो.

आडवा_छेद
बहुतेक इथेच उत्तर आहे. तंतू आडवे असतील, तर प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा तंतूंची लांबी भेटते आणि दोनदा त्यांची कापलेली टोके. ही टोके जिथे सुरू होतात, त्या भागात पाते तंतूंच्या उलट्या अंगाने शिरते, आणि म्हणूनच चट्टे दोनच व समोरासमोर पडतात. ज्या तंतूवर पाते चालते त्याच्या पाठीशी दुसऱ्या लांब तंतूंचा आधार असेल, तरच तो स्वच्छ कापला जातो. आधार नसेल तर ब्रशच्या मोकळ्या केसांवर सुरी चालवावी तसे तंतू आधी वाकतात, मग मुळाशी उपटले जातात. म्हणून आडव्या तंतूंच्या वाडग्यात बाहेरून बुडापासून काठाकडे आणि आतून काठापासून तळाकडे कापायचे असते. आपण बाहेर बरोबर गेलात आणि आत नेमके उलट जात आहात.

जुना_कातारी
सरसकट विधान करू नये. मी अनेक वर्षे आतून मध्यापासून काठाकडेच काततो आणि माझ्या कामात एकही तंतू उपटला जात नाही.

आडवा_छेद
आपण डबे आणि उभट पेले कातता का? त्यांत तंतू अक्षाला समांतर असतात, त्यामुळे आतली दिशा उलटते आणि मध्यापासून काठाकडे जाणेच योग्य ठरते.

जुना_कातारी
होय, बहुतेक डबेच असतात. परंतु दिशा सोडा, मला धाग्यातील "गाउज" या शब्दाची अधिक काळजी वाटते. @घाईत_सुतार, कोणता गाउज? पाते किती रुंद आहे आणि मुठीत शिरणारे टोक कसे आहे?

घाईत_सुतार
हत्यारांच्या संचातला सर्वांत मोठा. पाते चांगले रुंद आहे, टोक सरळ कापलेले आहे आणि मुठीजवळ लोखंड चपटे व निमुळते होत गेले आहे. मोठा असल्याने दणकट असेल, म्हणून तो घेतला. पण हे सर्व विचारण्यापेक्षा उपाय सांगितलात, तर बरे होईल.

जुना_कातारी
उपाय हाच की लेथ आत्ता बंद करावा आणि ते हत्यार बाजूला ठेवावे. तो लांब नगांवरचे कोपरे काढून ते गोल करण्याचा रफिंग गाउज आहे; वाडग्यावर तो कधीही चालवायचा नसतो. वाडग्यात हत्यार टूलरेस्टच्या बरेच पुढे जाते, आडव्या तंतूत रुंद पात्याचा कोपरा अडकतो आणि सगळा जोर त्या निमुळत्या भागावर येतो. तो भाग तुटला, तर पाते कुठे जाईल हे सांगता येत नाही. वळणावर बसणारा हादरा त्याच कोपऱ्याचा असावा. वाडग्याचा गाउज गोल सळईतून घडवलेला असतो, त्याची खोबण खोल असते आणि मुठीपर्यंत जाडी कमी होत नाही. तसा एखादा संचात आहे का?

घाईत_सुतार
आहे. अर्ध्या इंचाची गोल सळई आहे आणि खोबण खोल आहे. बारीक वाटल्यामुळे वापरला नव्हता.

आडवा_छेद
तोच घ्यावा. आत शिरताना खोबणीचे तोंड वर उघडे ठेवू नये. ते वाडग्याच्या मध्याकडे वळलेले असावे. आधी हत्यार टूलरेस्टवर टेकवावे, मग बेव्हल (धारेमागचा तिरका घासलेला भाग) लाकडाला टेकवावा आणि त्यानंतरच मूठ किंचित हलवून धार लागू करावी. बेव्हल टेकलेला असेल तोवर पाते आत खेचले जात नाही. बेव्हल ४० अंशांचा असेल, तर खोल वाडग्यात वळणावर मूठ काठाला अडते आणि बेव्हलचा आधार सुटतो. तळासाठी ६० अंशांच्या आसपास घासलेला गाउज सोयीचा पडतो. बेव्हलची मागची कडही थोडी घासून टाकावी, म्हणजे वळणावर तिचा वळ उठत नाही.

वेगासाठी इंचांतील व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे. आपल्या वाडग्याला ६०० ते ९०० फेरे पुरेत. नग तोललेला नसेल, तर त्याहूनही कमी. "मधली पुली" हे काही उत्तर नव्हे, लेथवरील तक्ता पाहावा. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड असू द्यावे आणि हातमोजे मुळीच घालू नयेत.

तेलपाणी
चट्ट्यांवर शेवटच्या हातापूर्वी थोडे पाणी किंवा तेल लावल्यास तंतू मऊ पडतात आणि स्वच्छ कापले जातात.

जुना_कातारी
पाणी नको. भेट लवकर द्यायची आहे आणि वाळलेले लाकूड पाण्याने पुन्हा फुगते.

तेलपाणी
फवारा मारून लगेच कापायचे आहे, भिजत घालायचे नाही. तरीही तेल अधिक सोयीचे, हे मान्य.

घाईत_सुतार
दिशा बदलली, बारीक गाउज घेतला, वेग ८०० वर आणला. हादरा बसत नाही. एक चट्टा पूर्ण गेला, दुसऱ्याच्या जागी नखाला लागेल इतका खरबरीतपणा उरला आहे. भिंत आता ७ मिलिमीटर आहे. आणखी कापू का?

आडवा_छेद
तेल लावून अगदी हलका एक हात द्यावा, तोही ताज्या धारेने. ग्राइंडरवरून नुकताच उतरलेला गाउज आणि "धार चांगली आहे" असे वाटणारा गाउज यांत फार अंतर असते. हा हात मात्र काठापासून सुरू करू नये. भिंत पातळ झाली की काठ थरथरतो आणि त्यावर नव्या लाटा उमटतात. चट्ट्याच्या जरा वर सुरुवात करून खाली उतरावे. त्यानंतर पॉलिश पेपर १२० पासून.

कार्बाइडवाला
याच जागी गोल टिप ४५ अंशांवर तिरकी धरली असती, तर तीही खरवडत नाही, कापते. माझा मुद्दा तोच होता.

आडवा_छेद
आपण वर "सपाट धरावे" असे लिहिले आहे. तिरक्या टिपेबद्दल माझा आक्षेप नाही, फक्त ती बसवलेली सळई गोल हवी. चौकोनी सळई टूलरेस्टवर तिरकी टिकत नाही.