शनिवारचा बँड आणि पाण्याची पाळी

बी-२०४ काका: सेक्रेटरी साहेब, शनिवारी पार्किंगमध्ये रॉक बँड आहे हे आम्हाला नोटीस बोर्डावर कळतंय. गणपतीत डीजेनं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. परत काचा हलल्या तर वर्गणी विसरा.

सेक्रेटरी: नमस्कार काका. मीटिंगला आला असता तर आधीच कळलं असतं 🙏 डीजे नाही. गिटार, बेस गिटार, ड्रम, तिघंच. ब्लूज-रॉक. ७ ते ९.३०. स्पीकरच्या परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात दिलाय.

ए-१०२ अण्णा: शनिवारी आपली पाण्याची पाळी आहे.

सी-३०१: तिघंच? आपल्या बँजो पार्टीत नुसते झांजवालेच तिघं असतात की ओ 😂

ए-४०३ अमोल: तीच तर मजा. १९६६ मध्ये लंडनला क्रीम आणि जिमी हेंड्रिक्सचा एक्सपीरियन्स हे दोन बँड निघाले, दोन्ही तिघांचेच. दुसरा गिटारवाला नसतो, म्हणून सोलो सुरू झाला की मागचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, गायब. ती जागा बेसवाल्यानं भरायची. सगळे सोलोवाल्याकडं बघतील, तुम्ही बेसवाल्याचा डावा हात बघा. नुसता एकच सूर धरून बसला की गाणं पोकळ झालं म्हणून समजा.

बी-२०४ काका: पोकळ असो नाहीतर भरीव, काचांचं बोला.

अमोल: काका, काचा हलवतो तो बेस. सर्वात जाड तार ४१ हर्ट्झची, लाट ८ मीटरपेक्षा लांब. भिंत तिला अडवत नाही. त्यात स्टेज बी विंगच्या कोपऱ्यात टाकलं तर बेस अजून फुगतो. गेटजवळ लावा, तोंड मोकळ्या प्लॉटकडं. सबवूफर मागवूच नका, बेसचा स्वतःचा कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, पुरतो.

डी-१०१: व्हॉल्यूम कमी करा म्हटलं की झालं ना? एवढं काय.

अमोल: गिटारच्या ट्यूब अँपला, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला, नाही चालत. तो खरखरीत गोडवा व्हॉल्व्हला ताण पडल्यावरच येतो. १०० वॉटचा आणून १ वर ठेवला तर आवाज मेलेला. आणि ५० वॉटचा आणला म्हणून निम्मा आवाज होत नाही, जेमतेम ३ डेसिबलचा फरक. १५-२० वॉटचा मागवा आणि त्याला ताणू द्या.

बी-२०४ काका: निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, १० नंतर ४५. नियम आहे.

अमोल: ५५ मध्ये गप्पासुद्धा बसत नाहीत काका. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणून तर गेटजवळ म्हणतोय.

सी-३०१: ड्रममध्ये सोलापुरी चादर कोंबा 😂

अमोल: खरंच घालतात. घडी करून मोठ्या ड्रममध्ये, दोन्ही कातड्यांना जेमतेम टेकेल अशी. घुमणं थांबतं, ठोका राहतो. जास्त कोंबली तर खोक्यावर मारल्यासारखं वाजतं. खाली २ बाय २ मीटर जाजमही लागेल, नाहीतर फरशीवर ड्रम पुढं सरकतो.

ए-१०२ अण्णा: शनिवारी आपली पाण्याची पाळी आहे. मोटर ७ ला लागते.

सेक्रेटरी: अण्णा, वाचलं. दोनदा.

डी-२०२ वहिनी: पोरांना पुढं बसवलं तर चालेल ना?

अमोल: नको वहिनी. पुढं गिटारचा झोत थेट कानात आणि गाणाऱ्याचा आवाज ऐकूच येत नाही, तो बाजूच्या स्पीकरमधून येतो. मिक्सरवाल्याजवळ बसा. पोरांना फोमचे इअरप्लग, बोटानं वळून बारीक करायचे, कान वर ओढायचा, मग घालायचे. कापसानं काही होत नाही.

बी-२०४ काका: कान बंद करून गाणं ऐकायचं. वा!

डी-१०१: लाइट कुठून घेणार? हॉलचा सॉकेट पंपाच्याच फेजवर आहे.

अमोल: मग अवघड आहे. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, दाब पडतो. सिंगल कॉइलची गिटार (तारांखालच्या पिकअपमध्ये एकच कॉइल असलेली) मोटरजवळ ५० हर्ट्झची घूं घूं करते ते वेगळंच. आणि ती घालवायला कुणी प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. हात तारांवर, ओठ माइकला, तिथंच झटका बसतो. अँप आणि स्पीकर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्या.

ए-१०२ अण्णा: सकाळपासून काय सांगतोय मी?

सेक्रेटरी: चुकलं अण्णा 🙏 वरच्या टाक्या ५ पर्यंत भरून घेऊ. ७ ला पाणी हौदात आपोआप येतं. मोटर ९.४५ ला लावू.

ए-१०२ अण्णा: हौदाचा बॉलकॉक अडकलाय. भरला की पाणी पार्किंगमध्ये येतं.

सी-३०१: आणि वायरी पार्किंगमध्ये 😳

सेक्रेटरी: प्लंबरला लावतोय फोन.

बी-२०४ काका: आणि माझी गाडी कुठं लावू?