१० बाय ११ च्या खोलीत ८ इंची मॉनिटर (रेकॉर्डिंग ऐकायचे स्पीकर) घ्यावेत का? (घोडबंदर रोड, ठाणे)

काळी_एक
नमस्कार मंडळी. घरी अभंग-भावगीतांचं रेकॉर्डिंग: पुरुष आवाज (पट्टी काळी एक), पेटी, तबला, तानपुरा. खोली १० बाय ११ फूट, उंची साडेनऊ. एका बाजूला सरकती खिडकी, समोर कपाट, मागे पलंग. दोन इनपुटांचा यूएसबी इंटरफेस (माइक आणि मॉनिटर लॅपटॉपला जोडायची डबी) आणि कंडेन्सर माइक आहे. बजेट ५० हजारांपर्यंत.

दुकानात ८ इंची मॉनिटरवर डग्गा फार छान वाटला. ते घ्यावेत, की ५ इंची आणि सोबत हेडफोन? दुसरं म्हणजे, इथे बसवलेलं मिक्स (सगळे आवाज जुळवून केलेलं रेकॉर्डिंग) गाडीत लावलं की डग्गा गायब होतो. हे का होतं?

जुना_टेपवाला
८ इंची विसरा. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर खोलीच्या मापात आहे.

दोन समोरासमोरच्या भिंतींत जी पहिली लाट अडकते, तिची वारंवारता म्हणजे ३४३ (आवाजाचा वेग, मीटर प्रति सेकंद) भागिले लांबीची (मीटरमध्ये) दुप्पट. ११ फुटाला ५१ हर्ट्झ, १० फुटाला ५६, साडेनऊला ५९. तिन्ही एकमेकींना खेटून. म्हणजे ५० ते ६० च्या पट्ट्यात ही खोली स्वतःच घुमते, आणि त्याच्या दुपटीला, १०० ते १२० मध्ये, पुन्हा. तुम्हाला डग्गा जास्त वाटतो, तुम्ही तो कापता, आणि गाडीत तो उरत नाही. ८ इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) नेमका हाच पट्टा जोरात वाजवेल. दुकानाचा हॉल मोठा, तिथलं ऐकणं इथे लागू पडत नाही.

तुमच्या संगीताला खाली किती लागतं तेही बघा. काळी एकचा सा म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ, तानपुऱ्याची खर्जाची तार ६९. यामाहा एचएस५ कागदावर ५४ पर्यंत जातो (तो आकडा १० डेसिबल घसरणीचा आहे, म्हणजे तिथे आवाज तेवढा कमी झालेला असतो, हे लक्षात असू द्या), जेबीएल ३०५पी मार्क २ अजून खाली. तुमचं काम ५ इंचीत होतं. आणि भाव विचारताना एका नगाचा की जोडीचा, ते आधी विचारा. एचएस५ नगावर विकला जातो, तिथे बरेच जण फसतात.

मांडणी अशी करा. ११ फुटाच्या दिशेने बघत बसा. कान समोरच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. बरोबर मध्ये, साडेपाच फुटांवर, बसलात तर ५१ हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येणार नाही. दोन ट्विटर (वरचे सूर वाजवणारे छोटे पडदे) आणि तुमचं डोकं यांचा १ मीटर बाजूचा समभुज त्रिकोण. ट्विटर कानाच्या उंचीला; टेबल ७५ सेंमीचं असेल तर ५ इंची मॉनिटर साधारण २० सेंमी उचलावा लागतो. या हिशोबाने मॉनिटरचं तोंड भिंतीपासून ४२ सेंमीवर येतं.

वाशी_सेक्टर
वरच्या मताशी सहमत, फक्त एक भर. बरेच जण सांगतील की मॉनिटर भिंतीपासून लांब, मीटरभर पुढे ओढा. या खोलीत ते उलट अंगाशी येईल. भिंतीवरून परत आलेली लाट मूळ लाटेला मारते ती वारंवारता म्हणजे ३४३ भागिले अंतराची चौपट. १ मीटरला ती ८६ हर्ट्झ येते, अगदी डग्ग्याच्या पोटात, आणि तिथे घरगुती पॅनल (आवाज शोषणारी जाड चौकट) काही करत नाही. ४२ सेंमीला ती २०४ येते, आणि तिला मागचं ४ इंची पॅनल बऱ्यापैकी गिळतं. त्यामुळे भिंतीजवळच ठेवा आणि मॉनिटरच्या मागचा रूम कंट्रोल (भिंतीमुळे वाढलेला बेस कमी करायचा खटका) उणे २ वर करा.

मॉनिटरचा पोर्ट (हवेचं भोक) पुढे असला की तो भिंतीला चिकटवता येतो, हाही गैरसमज आहे. पुढच्या पोर्टमुळे फक्त हवेला वाट मिळते. बेस सगळीकडेच पसरतो, भिंतीवरून तो परत येणारच.

पॅनल: रॉकवूलचे ४ बाय २ फुटी, ४८ किलो घनतेचे स्लॅब, २ इंचीचे दोन थर. सुताराकडून लाकडी चौकट, वरून सुती कापड. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे, रेक्झिन चालणार नाही. सहा नग: दोन मॉनिटरांच्या मागे, दोन मागच्या कोपऱ्यांत, दोन बाजूला. बाजूची जागा आरशाने शोधा. दुसऱ्याने भिंतीवर आरसा सरकवायचा. तुमच्या खुर्चीतून ट्विटर दिसला, तिथे पॅनल. खिडकीच्या बाजूचं स्टँडवर उभं करा. काम करताना मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर आठवडाभर खाजवत बसाल. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरत असेल तर मागे २ इंच फट सोडा, बुरशी टळते आणि शोषणही सुधारतं. १ इंची अंड्याच्या ट्रेसारखा फोम घेऊ नका. तो फक्त वरचा आवाज खातो, खोली मंद होते आणि घुमणं तसंच राहतं.

फेज_उलटा
हेडफोनवर कोणीच बोललं नाही, म्हणून. सोसायटीत रात्री दहानंतर मॉनिटर बंदच ठेवावे लागणार, तेव्हा निम्मं काम कानावरच होईल.

गाताना बंद पाठीचाच हवा, नाहीतर तानपुरा आणि क्लिक (तालाची टिकटिक) माइकमध्ये उतरतात. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो किंवा सोनी एमडीआर-७५०६. रेकॉर्डिंगला पंखा बंद, मे महिन्यात. अशा वेळी ७७० चे मखमली पॅड रेक्झिनपेक्षा सुसह्य, आणि बदलताही येतात. ७७० घेताना खोक्यावरचा ओहमचा (विजेच्या अवरोधाचा) आकडा वाचा: ३२, ८० आणि २५० असे तीन प्रकार असतात. यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या इंटरफेसला २५० ओहमचा झेपेलच असं नाही, ८० घ्या.

मिक्सला उघड्या पाठीचा बरा. सेनहायझर एचडी ६०० मधल्या सुरांना, म्हणजे आवाज आणि पेटीला, फार प्रामाणिक आहे, पण ३०० ओहम. तो नंतर घ्या. डीटी ९९० प्रो चमकदार वाजतो, त्यावर मिक्स केलं की लोक झांजा आणि 'स' जरुरीपेक्षा जास्त दाबतात.

हेडफोनवर रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) जास्त स्पष्ट ऐकू येतो, म्हणून हात आखडता राहतो. तो मॉनिटरवरच ठरवा. डग्ग्याची पातळी मात्र या खोलीत हेडफोनवर ठरवा.

खरेदीचा क्रम: बंद हेडफोन, पॅनल, मग मॉनिटर.

काळी_एक
मोठा उलगडा झाला, आभार. मित्राकडचे मॉनिटर जोडून बघितले तर बारीक घूं… आवाज येतो, लॅपटॉप चार्जिंगला असताना जास्त. मॉनिटर खराब आहेत का?

वाशी_सेक्टर
बहुतेक नाहीत. चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं गेलं तर तो अर्थिंगचा लूप. मग केबल बघा: टोकाला दोन काळ्या पट्ट्या हव्यात, म्हणजे टीआरएस. एकच पट्टी असेल तर ती गिटारची टीएस, तिने बॅलन्स्ड (वाटेत शिरलेली घरघर रद्द करणारी) जोडणी होत नाही. ३ मीटरच्या दोन टीआरएस-एक्सएलआर लॅमिंग्टन रोडला मिळतील. लॅपटॉप, इंटरफेस, मॉनिटर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

मॉनिटर सगळ्यांत शेवटी चालू, सगळ्यांत आधी बंद.

जुना_टेपवाला
जोडून झालं की उणे २० डीबीएफएसचा (डिजिटल कमाल पातळीपेक्षा २० डेसिबल खाली) पिंक नॉइज, म्हणजे चाचणीचा फसफस आवाज, एका वेळी एकाच मॉनिटरवर सोडा. खुर्चीच्या जागी फोनचं आवाज मोजायचं मीटर, त्यात सी वेटिंग आणि संथ (स्लो) निवडा. दोन्ही ७५ डेसिबलच्या आसपास आणि एकमेकांशी जुळलेले हवेत. फोनचा आकडा अचूक नसेल, पण डावं-उजवं जुळवायला पुरतो. मग नॉबवर पेन्सिलची खूण करा आणि मिक्स त्याच खुणेवर करा. पुढे मोजायचा माइक मिळाला तर रूम ईक्यू विझार्ड (खोलीचा आवाज मोजायचं सॉफ्टवेअर) मोफत आहे. ५० ते १२० मधला आलेख इथे टाका, मग कोपऱ्यातली पॅनलं कुठे सरकवायची ते बघू.