ईस्टरसाठी दाराला रीथ करतेय, अंडी टिकतच नाहीत!

रंगरेषा
नमस्कार मंडळी, ईस्टरला मुख्य दारावर लावायला घरीच रीथ करायचीये (पुष्पचक्र म्हणवत नाही मला, तो शब्द श्रद्धांजलीचाच वाटतो). मागच्या वेळी वेलींची तयार रिंग घेतली, प्लास्टिकची रंगीत अंडी ग्लू गनने चिकटवली, मधेमधे कापडी फुलं, दिसत होती फार गोड पण आमच्या दारावर दुपारचं थेट ऊन येतं आणि तिसऱ्या दिवशी निम्मी अंडी पायरीवर. त्यातली काही लेकीने रंगवलेली होती, तिचा चेहरा एवढासा झाला. कुठला ग्लू वापरू?

तारकाम
ग्लू बदलून काही होणार नाही ताई. हॉट ग्लू म्हणजे वितळवलेलं प्लास्टिकच, गार झालं की घट्ट आणि तापलं की परत मऊ. दार गडद रंगाचं असेल तर ऊन पडल्यावर हात टेकवून बघा किती तापतं ते. त्यात अंडं गुळगुळीत, पकडायला काही नाहीच. वजन पेलायचं काम तारेला द्या, ग्लू फक्त बारीकसारीक पाकळ्यांना. प्लास्टिकच्या अंड्यांना बऱ्याचदा टोकाला बारीक भोकं असतात, त्यातून बारीक तार ओवायची, रिंगच्या मागे नेऊन दोनतीन पीळ द्यायचे आणि तारेचं टोक आत वळवायचं, नाहीतर दाराच्या रंगावर चरे पडतात.

पिवळीधमक
मी तर म्हणेन खरी अंडी घ्या, पण उकडलेली नको, कुजतात. दोन्ही टोकांना सुईने भोक पाडा, खालचं जरा मोठं, आत सुई फिरवून बलक फोडा आणि वरून हवा मारून सगळं बाहेर काढा. तोंड लावू नका, कच्चं अंडं आहे, सुई नसलेली सिरिंज घ्या. मग साबणाच्या पाण्याने आतून खळखळून धुवायचं आणि २-३ दिवस उपडं वाळवायचं. लटकवायची पद्धत मला आजीने दाखवली, अर्धी काडेपेटीची काडी घ्यायची, गुल काढून, मधोमध दोरा बांधायचा आणि काडी उभी धरून भोकातून आत सोडायची. दोरा ओढला की काडी आत आडवी होते आणि अंडं अडकून बसतं, ग्लूचा एक थेंब लागत नाही. रंग कांद्याच्या सालींचा द्या, तांबूस येतो, हळदीचा पिवळा सुंदर असतो पण उन्हात उडतो.

झाडपाला
अंड्यांच्या आधी हिरवळ नीट लावा हो, खरी शोभा तिथे आहे. ३-४ डहाळ्यांची जुडी करून बांधा, पुढच्या जुडीची पानं मागच्या जुडीच्या देठांवर येऊ द्या, सगळ्या जुड्या एकाच दिशेने. आणि पूर्ण रिंग भरू नका, मी वरचा भाग उघडाच ठेवते, वेल दिसली की वसंत आल्यासारखं वाटतं.

एक महत्त्वाचं. दाट रीथमध्ये पक्षी घरटं करतात, आमच्याकडे केलं होतं, दार उघडलं तर नाकासमोर ४ इवली अंडी. पिल्लं उडेपर्यंत मागच्या दाराने ये-जा केली सगळ्यांनी. त्यामुळे लावल्यावर पहिले काही दिवस रोज सकाळी मागे डोकावून बघा, काड्या जमायला लागल्या असतील तर अंडी घालण्याआधीच उतरवा.

रंगरेषा
काडीची युक्ती आत्ताच करून बघितली! पहिलं अंडं भोक पाडतानाच फुटलं, दुसरं मस्त लटकलंय खिडकीला, लेक हलवून हलवून बघतेय पडतं का. तारकाम दादा, डहाळ्यांच्या जुड्यांना पण हीच तार चालेल ना?

तारकाम
चालेल, फक्त हिरवी बघा, पानात दिसत नाही. आणि ताज्या डहाळ्या असतील तर आवळूनच बांधा, सुकल्या की देठ बारीक होतात आणि जुड्या सैल पडतात.