तंत्रज्ञान-मार्केटिंगच्या परिषदांना निव्वळ निरीक्षक म्हणून जाण्यात अर्थ आहे का?

वायव्य

"काही विकायचं नाही, काही घ्यायचं नाही, मग तिथे जाऊन करता काय?" परिषदांचा मोसम आला की हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. मी तंत्रज्ञान आणि मार्केटिंग या क्षेत्रांवर स्वतंत्रपणे लिहितो. वाचक बहुतेक छोटे उद्योजक. भोसरीत सुटे भाग बनवणारे, इचलकरंजीचे कापडवाले, दोन-चार माणसांच्या जाहिरात एजन्सी. एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हे त्यांना ठरवायचं असतं आणि निर्णय फसला तर भुर्दंड त्यांच्याच खिशाला बसतो. माझं मत पक्कं आहे: निरीक्षकाने जायलाच हवं, पण स्वतःच्या पैशाने. आणि मंचासमोर कमी बसावं, कंपन्यांचे स्टॉल असलेल्या दालनांत जास्त फिरावं.

मंचाचं आधी सांगतो. पुष्कळ परिषदांत भाषणाची वेळ ही प्रायोजकत्वाच्या पॅकेजमध्येच येते. पॅकेज मोठं, तर वेळ सकाळची. छोटं, तर जेवणानंतरची. कार्यक्रमपत्रिकेत हे छापलेलं असतंच असं नाही. त्यामुळे तिथे जे ऐकू येतं ती बऱ्याचदा जाहिरातच असते, आणि ती घरबसल्याही ऐकता येते.

दालनाचं तसं नाही. कंपनीचं संकेतस्थळ नवीन काय आलं ते सांगतं, काय गुपचूप बंद झालं ते सांगत नाही. मागच्या खेपेला प्रवेशद्वारासमोरची जागा घेणारी कंपनी यंदा मागच्या भिंतीला टेबल लावून बसली असेल, तर काहीतरी बिनसलंय. जर्मनीतल्या हॅनोव्हरचं सेबिट हे संगणक-तंत्रज्ञानाचं प्रदर्शन आठवा. २००१ मध्ये तिथे साडेआठ लाखांच्या आसपास लोक आले होते. २०१८ मध्ये सव्वा लाखाच्या आतच, आणि त्याच वर्षाअखेर ते प्रदर्शन कायमचं बंद झाल्याची घोषणा झाली. आकडे आयोजकच जाहीर करत होते. पण कोण निघून गेलं आणि त्यांच्या जागी कोण येऊन बसलं, हे तिथे चालणाऱ्यालाच कळत होतं.

मार्केटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर याची जास्तच गरज आहे. स्कॉट ब्रिंकर या क्षेत्रातल्या कंपन्यांचा नकाशा काढतात. २०११ मध्ये त्यावर दीडशेच्या आसपास नावं होती, २०२४ मध्ये १४,१०६. इतक्या गर्दीत सगळ्यांचे डॅशबोर्ड सारखे दिसतात आणि सगळ्यांची वाक्यंही तीच. फरक कळतो तो स्टॉलवरच्या विक्रेत्याला ओलांडून मागे उभ्या असलेल्या इंजिनिअरला विचारलं की: "उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडायचं झालं, तर माझ्या ग्राहकांची यादी मला कुठल्या स्वरूपात परत मिळेल?" विक्रेता लगेच उत्तर देतो. इंजिनिअर आधी विक्रेत्याकडे बघतो. मला लिहिण्यासाठी जे हवं असतं ते तिथून सुरू होतं.

तुमचं काय मत? विशेषतः ज्यांना हे सगळं वायफळ वाटतं त्यांनी जरूर लिहा.

बोरीबंदर

मला वायफळ वाटतं, म्हणून लिहितो.

जानेवारी २००७. सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन लास वेगासमध्ये भरलं होतं आणि जगभरचे तंत्रज्ञानाचे पत्रकार, विश्लेषक तिथे मुक्कामाला होते. त्याच आठवड्यात, ९ तारखेला, सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्जने आयफोन दाखवला. त्या वर्षाची, खरं तर त्या दशकाची बातमी दुसऱ्याच गावात घडली. दालनं पालथी घालणारे निरीक्षक त्या दिवशी कुठे होते?

आता अलीकडचं बघा. सीईएस २०२४ मध्ये रॅबिट आर-१ नावाचं १९९ डॉलरचं एआय यंत्र आलं. पहिली दहा हजार यंत्रं एका दिवसात विकली गेली असं कंपनीने सांगितलं आणि प्रदर्शनातून लिहिणाऱ्यांनी त्याचं भरभरून कौतुक केलं. वसंतात ते लोकांच्या हातात पडलं तेव्हा परीक्षणं निर्दय होती, कारण जे दाखवलं होतं त्यातलं बरंच काही ते धड करतच नव्हतं. हे शोधलं कुणी? घरी बसून, रोजच्या कामात ते वापरून बघणाऱ्यांनी.

तुम्ही विमान, हॉटेल, डेलिगेट पास असा खर्च करता. त्याच पैशात तीन सॉफ्टवेअरची सहा महिन्यांची वर्गणी भरून ती वापरून बघा. तुमच्या भोसरीच्या वाचकाला त्याचा उपयोग जास्त होईल.

खाडीपार

बोरीबंदर, तुमचं आयफोनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. जॉब्जने तो दाखवला कुठे? मॅकवर्ल्डमध्ये, म्हणजे एका व्यापारी परिषदेतच! निरीक्षक चुकीच्या परिषदेला गेले होते एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मी बरीच वर्षं हॅनोव्हरच्या जवळ राहते. सेबिट भरायचं तेव्हा इथली साधी कुटुंबं घरातली खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायची, कारण हॉटेलं आधीच भरलेली असायची. ते दिवस ओसरले हे इथल्या घरमालकिणींना कुठल्याही विश्लेषकाच्या आधी समजलं. शेवटी त्यांनी मार्चमधलं प्रदर्शन जूनमध्ये नेलं, संगीत आणि मोठा आकाशपाळणा आणला, त्याला उत्सवाचं रूप दिलं. त्या मैदानात फिरताना स्पष्ट जाणवत होतं की इथे आता कुणी खरेदीला येत नाही. हे मला व्हिडिओवर दिसलं नसतं, कारण व्हिडिओत कॅमेरा नेहमी गर्दीकडेच वळलेला असतो.

बोरीबंदर

मॅकवर्ल्डचा मुद्दा मान्य. पण मग त्याच सभागृहातलं पुढचं ऐका. त्या दिवशी मंचावर होते ते फोन अर्धवट होते, मध्येच बंद पडत. म्हणून कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने दाखवायची हे आधीच ठरवून घेतलं होतं, आणि सिग्नल खरा कसाही असला तरी पडद्यावर पाचही दांड्या दिसतील अशी सोय केलेली होती. हे जगाला कळलं २०१३ मध्ये, तिथे काम केलेल्या इंजिनिअरने एका पत्रकाराला सांगितलं तेव्हा. सभागृहात हजारो जाणकार बसले होते. एकाला तरी उमगलं का?

ॲपलचा फोन पुढे खरोखरच चालला. जिथे तो चालत नाही तिथेही डेमो असाच असतो. समोर बसून दोन्हींतला फरक कळत नाही, हे माझं म्हणणं आहे.

मृद्गंध

मी पीआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या जनसंपर्काचं काम करते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते. वायव्य यांच्या मूळ मुद्द्यातला "स्वतःच्या पैशाने" हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि प्रत्यक्षात तोच सगळ्यांत दुर्मिळ.

आमच्याकडे परिषदेच्या आधी याद्या तयार होतात. कुणाला विमानाचं तिकीट, कुणाला फक्त हॉटेल, कुणाला नुसता मीडिया पास. आलेल्यांच्या दिवसाचं वेळापत्रक आम्हीच करून देतो: सकाळी कीनोट म्हणजे मुख्य भाषण, मग सीईओंबरोबर वीस मिनिटं, मग जेवण, मग डेमो. ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही या अटीवरचं (एम्बार्गोखालचं) प्रेस किट आदल्या रात्रीच मेलवर पोचलेलं असतं. हा माणूस दालनात एकटा फिरणार कधी? कुणीही त्याला "चांगलं लिहा" म्हणत नाही, म्हणावं लागतच नाही. दिवसभर ज्यांनी आपलं सगळं बघितलं त्यांच्याबद्दल रात्री कडू लिहायला हात धजावत नाही. ही माणसाची रीत आहे आणि आमचा व्यवसाय त्यावरच उभा आहे.

नियम नाहीत असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कंपनीशी असलेले हितसंबंध उघड करा असं त्यांत सांगितलंय, आणि फुकटचा प्रवास, हॉटेलातला मुक्काम यांचा त्यांत नाव घेऊन उल्लेख आहे. प्रेस कौन्सिलनेही आर्थिक पत्रकारितेसाठी भेटी आणि सहली नाकारायला सांगितलंय. तरीही परिषदांवरचे किती लेख "माझं तिकीट अमुक कंपनीने काढलं होतं" या वाक्याने सुरू होतात? तुम्हीच आठवून बघा.

म्हणून माझं मत बोरीबंदर यांच्या बाजूने झुकतं. स्वखर्चाने जाणारा निरीक्षक उपयोगाचा आहे, पण असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. बाकीच्यांनी घरीच थांबलेलं वाचकाच्या हिताचं.

पाटीपुस्तक

स्वखर्चाने जा हे म्हणणं सोपं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून मराठीत लिहिणाऱ्याला मुंबईच्या बीकेसीतल्या परिषदेचा डेलिगेट पास आणि दोन रात्रींचं हॉटेल परवडतं का? मग निरीक्षक उरणार फक्त मुंबई-पुण्याचे, पैसेवाले आणि इंग्रजीत लिहिणारे. यावर कुणी बोलत नाहीये.

गोदाकाठ

पाटीपुस्तक यांना उत्तर म्हणून पुण्याजवळच्या मोशीचं सांगतो. तिथे डिसेंबरात किसान प्रदर्शन भरतं. तेही तंत्रज्ञानाचंच प्रदर्शन, फक्त तिथे कुणी गळ्यात ओळखपत्राची पट्टी मिरवत नाही. आमच्याकडे द्राक्षबाग आहे, आम्ही चार-पाच जण गाडी करून जातो.

फवारणीच्या ड्रोनच्या स्टॉलवर उभे राहा आणि शेतकरी काय विचारतात ते ऐका. एका चार्जिंगमध्ये किती एकर होतं? बॅटरी किती हंगाम टिकते, नवी कितीला पडते? पंखा तुटला तर नाशकात दुरुस्त करणारा कोण, की पुण्याला पाठवायचा? द्राक्षाच्या मांडवात पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचतं का? शेवटच्या प्रश्नाला स्टॉलवरचा मुलगा माहितीपत्रक हातात देतो. लगेच मागचा कुणीतरी म्हणतो, "आमच्या गावात एकाने घेतलाय, त्याचा नंबर देतो." खरी माहिती त्या नंबरावर मिळते. ती कंपनीने दिलेली नसते, पण ती मिळते मात्र कंपनीच्याच स्टॉलवर, कारण त्या एका यंत्रात रस असलेली माणसं वर्षातून एकदाच अशी एका ठिकाणी जमतात.

बोरीबंदर म्हणतात वस्तू घरी आणून वापरा. ड्रोन घरी आणून कसा वापरणार? लाखांची वस्तू आहे. घेतलेल्या माणसाला गाठणं एवढंच आमच्या हातात असतं. मराठीत लिहिणाऱ्या निरीक्षकाने हे प्रश्न नुसते उतरवून घेतले तरी आम्हाला उपयोग होईल. मोशीला हॉटेल घ्यावं लागत नाही, सकाळच्या एसटीने येऊन रात्री परत जाता येतं.

बोरीबंदर

गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद पटला, पण त्याने माझं मत बदलत नाही. मोशीला येणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाइकाने जावं यावर वादच नाही. वाद निरीक्षकाचा आहे.

मार्केटिंगवाल्यांची सगळ्यांत मोठी जत्रा म्हणजे फ्रान्समधला कान लायन्स हा जाहिरातींच्या पारितोषिकांचा महोत्सव. जून २०२५ मध्ये ब्राझीलच्या डीएम-९ एजन्सीला तिथे एका मोहिमेसाठी ग्रां प्री हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मोहिमेची माहिती देणारी जी फिल्म सादर केली होती, तिच्यात सीएनएन ब्राझीलची बातमी एआयने फेरफार करून वापरली होती. ज्युरीने ती बघितली, सभागृहाने टाळ्या वाजवल्या, उद्योगातले तमाम निरीक्षक तिथे हजर होते. खोटेपणा उघड झाला तो नंतर, आणि मग पारितोषिक परत गेलं. फिल्म थांबवून, मूळ बातमी शेजारी लावून तपासणाऱ्याला जे दिसतं ते समोर बसलेल्याला दिसत नाही. हजर असणं आणि बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वायव्य

सगळे प्रतिसाद वाचले. एकेकाला वेगळं उत्तर देत बसत नाही, जिथे बोच आहे तिथेच बोलतो.

बोरीबंदर, आयफोन आणि कान ही तुमची दोन्ही उदाहरणं मंचाची आहेत. मंचावरचं खोटं समोर बसून पकडता येत नाही हे मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच मी मंचाला महत्त्व देत नाही. पण तपासायचं काय हे कळण्यासाठी दावा करणाऱ्याला गाठावं लागतं. ग्लोबल फिनटेक फेस्ट या आर्थिक तंत्रज्ञानाच्या परिषदेचं बघा, ते मुंबईतच भरतं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नेटवर्कशिवाय पैसे पाठवण्याचं यूपीआय लाइट एक्स आणि बोलून पैसे देण्याचं हॅलो यूपीआय जाहीर केलं. बातम्या सगळीकडे आल्या. त्यानंतर तुमच्या वाण्याने किंवा रिक्षावाल्याने यातलं काही वापरलेलं तुम्ही पाहिलंत का? हा प्रश्न पुढच्या फेस्टमध्ये बँकांच्या स्टॉलवर जाऊन विचारायला हवा. बँकेला मेल केला तर उत्तर येत नाही. समोर उभं राहिलं तर माणूस निदान कारण सांगतो: कोणते फोन चालत नाहीत, दुकानदाराला कोणतं यंत्र लागतं, आम्ही ते अजून का घेतलेलं नाही. निरीक्षकाने यंदाच्या घोषणांइतकंच मागच्या वर्षीच्या घोषणांचं काय झालं ते विचारलं पाहिजे. गिऱ्हाईक हे करत नाही, त्याला त्याच्यापुरतं बघायचं असतं आणि ते रास्तही आहे.

मृद्गंध, तुमचा प्रतिसाद मी माझ्या वाचकांना जसाच्या तसा पाठवू इच्छितो, परवानगी असेल तर. फक्त निष्कर्ष मान्य नाही. चांगले निरीक्षक थोडे आहेत म्हणून त्यांनीही घरी बसावं, हे तुमच्या पीआरच्या याद्यांना हवंच असेल!

पाटीपुस्तक, तुमचा मुद्दा खरा आहे आणि माझ्याकडे त्याला पुरेसं उत्तर नाही. वर्गणी काढून एकाला पाठवावं आणि त्याने सगळ्यांचे प्रश्न विचारून यावेत असं काही करता येईल. ज्यांना यात भाग घ्यायचाय त्यांनी इथेच कळवा.

बोरीबंदर

वर्गणी देतो, एका अटीवर. जाणाऱ्याने जाण्याआधी मागच्या वर्षीच्या दाव्यांची यादी इथे टाकावी, कंपनीच्या नावासकट, आणि आल्यावर प्रत्येकापुढे उत्तर लिहावं. उत्तर मिळालं नाही तर तसं लिहावं. नुसते फोटो आणि "भविष्य इथेच आहे" छापाचं वर्णन आलं, तर पुढच्या वर्षी माझा एक रुपया मिळणार नाही.

गोदाकाठ

यादीत ड्रोनच्या बॅटरीचा प्रश्न घाला. माझी वर्गणी धरा.

मृद्गंध

परवानगी आहे, माझ्या नावाशिवाय. आणि जो जाईल त्याने कुणाचंही जेवणाचं आमंत्रण घेऊ नये.