वाढलेली अभिव्यक्ती हा एकच निकष अपुरा आहे
निरोगी ऊतीच्या तुलनेत कर्करोगाच्या गाठीत ज्या जनुकाची अभिव्यक्ती (त्यापासून आरएनए व प्रथिन बनण्याचे प्रमाण) सर्वाधिक वाढते तेच सर्वांत उपयुक्त जैवचिन्हक (उपचार ठरवण्यास मदत करणारी खूण), असे एक मत आहे, आणि एचईआर२ला (काही गाठींत पेशींच्या आवरणावर वाढणाऱ्या प्रथिनाला) ते बऱ्याच अंशी लागू पडते. जठराच्या कर्करोगातील क्लॉडिन १८.२ मात्र त्या चौकटीत बसत नाही. हे प्रथिन निरोगी जठराच्या अस्तरातही भरपूर असते, परंतु तेथे ते लगतच्या पेशींमधील घट्ट सांध्यांत दडलेले असल्यामुळे औषध म्हणून दिलेल्या प्रतिपिंडाच्या (ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूच्या) सहजी हाती लागत नाही, आणि कर्करोगात पेशींची मांडणी विस्कटली की तेच उघडे पडते. केवळ आरएनए मोजून केलेल्या तुलनेत हा बदल दिसणे कठीण आहे.

म्हणूनच २०२४ मध्ये जपान व अमेरिकेत मंजूर झालेले झोल्बेटुक्सिमॅब हे क्लॉडिन १८.२ला चिकटणारे प्रतिपिंड-औषध देण्यापूर्वी बायोप्सीच्या तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतील ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) करतात, आणि किमान ७५ टक्के गाठपेशींच्या आवरणावर मध्यम ते गडद रंग दिसला तरच, तेही एचईआर२ निगेटिव्ह (गाठीत एचईआर२ वाढलेले नसलेल्या) रुग्णांना, ते केमोथेरपीसोबत दिले जाते. या औषधाने होणाऱ्या मळमळीचे व उलट्यांचे कारणही निरोगी अस्तरातील हेच प्रथिन असावे, असे मानले जाते.