मदत हवी आहे: सोळा वर्षांच्या भाचीला 'आजीवन' करार आलाय, सही करायची का?

मंडळी, प्रश्न भाचीचा आहे. वय 16, डावखुरी फिरकी टाकते, यंदा बडोद्याच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या संघात आली. आम्ही दांडिया बाजारातले. घरात इंग्रजी कागद आला की तो मामाकडे, म्हणजे माझ्याकडे सरकवतात.

खेळाचं सामान बनवणारी एक छोटी कंपनी आहे (नाव लिहीत नाही, गावात रोज तोंड बघायचंय). त्यांनी चार पानी करार पाठवलाय, वर ठळक अक्षरांत 'लाइफटाइम ब्रँड अँबेसेडर'. वर्षाला 40 हजारांचं किट आणि 15 हजार रोख. आजीला एवढंच कळलं की नातीला जन्मभर बूट फुकट. तिचे पेढे वाटूनही झाले.

पेढा खाऊन मी तिसरं पान उघडलं. मुलीने दुसऱ्या कुणाचे बूट-कपडे वापरायचे नाहीत, मुदत 'खेळाडूच्या हयातीपर्यंत'. कंपनी मात्र 30 दिवसांच्या नोटिशीवर मोकळी: संघातून वगळली, दुखापत झाली, किंवा नुसतंच 'व्यावसायिक कारण'. नाव, सही, टोपणनाव, चिन्ह सगळं कंपनीच्या मालकीचं. भाचीला मैदानात चिमणी म्हणतात, किटबॅगवर तिने मार्करने चिमणी काढलीय. म्हणजे तीही गेली. आणि करार संपल्यावरसुद्धा दुसऱ्याची ऑफर आली तर आधी यांना दाखवायची.

मग रात्री मोठ्या लोकांचे करार वाचत बसलो. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने 2015 मध्ये नायकीशी आजीवन करार केला, पण त्याआधी बारा वर्षं तो त्यांचेच बूट घालत होता. बेकहॅमचा आदिदासशी 2003 चा, सुमारे 16 कोटी डॉलरचा, त्यातले जवळपास निम्मे आधीच हातात, असं छापून आलंय. मला आवडला तो अ‍ॅलन आयव्हरसनचा, हाही बास्केटबॉलवालाच. रीबॉककडून वर्षाला 8 लाख डॉलर, शिवाय 3.2 कोटी डॉलरचा ट्रस्ट, तो पंचावन्न वर्षांचा झाल्यावरच उघडणार. पोरगा उधळ्या आहे हे कुणीतरी वेळीच ओळखलं असणार. आमच्या आजोबांनी धाकट्या काकांच्या बाबतीत हेच केलं होतं, फक्त रक्कम ऐकून हसाल.

तर त्या सगळ्यांत जन्मभर अडकलीय ती कंपनी. आमच्या कागदात चिमणी अडकतेय.

सही भावोजींची चालते का? 'हयातीपर्यंत' कोर्टात टिकतं का? काय खोडायला सांगू? सरळ नाही म्हणायला ताई तयार नाही, किटचा खर्च तिलाच माहीत. रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

रावपुरा_वकील: मामा, पेढे परत मागा. अठराच्या आतल्या मुलीचा करार आपल्याकडे मुळातच रद्दबातल, प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं सर्वात वरचं कोर्ट) 1903 मध्येच सांगितलंय. वडिलांनी सही केली म्हणून तिच्या मेहनतीचा करार पक्का होत नाही. पण खूश होऊ नका, हे उलटंही फिरतं. मुंबई हायकोर्टापुढे एक जुनं प्रकरण आहे: अल्पवयीन नटीच्या वतीने वडिलांनी फिल्म कंपनीशी करार केला, कंपनीने तो मोडला, मुलगी भरपाई मागायला गेली आणि कोर्ट म्हणालं करारच नाही, तर भरपाई कसली! तेव्हा रोख रक्कम आगाऊ घ्या.

'आधी आम्हाला दाखवा' या कलमावर तर आपल्याच घरचं उदाहरण आहे. झहीर खान बडोद्याकडून खेळायचा, त्याच्या एजन्सीच्या करारात हेच होतं. सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये करार कायद्याच्या कलम 27 खाली ते उडवलं: मुदत संपल्यावर माणसाला बांधून ठेवता येत नाही.

कमाटीबागेत_सकाळी: चिमणी कुठल्याही परिस्थितीत देऊ नका. फेडरर 2018 मध्ये नायकी सोडून युनिक्लोकडे गेला तर त्याचा स्वतःचा आरएफ लोगो मागेच राहिला, परत मिळायला 2020 उजाडलं. फेडररला दोन वर्षं लागली, तुम्हाला किती लागतील?

आकडेमोड: घाईत लिहितेय. वर्षाला 20 हजारांवरच्या वस्तूरूप लाभावर जुलै 2022 पासून 10 टक्के टीडीएस आहे, किट त्यात येतं. मुलीचं पॅन काढा. स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेली तिची कमाई आईवडिलांच्या उत्पन्नात जोडली जात नाही, तिचं विवरणपत्र वेगळं.

जुना_कीपर: कायदा सोडा. बूट घालून बघितले का तिने?

मामा (धागाकर्ता): कीपर साहेब, तुमचं वाचून तिला विचारलं. नमुन्याचा जोड महिनाभर घरात आहे आणि पोरीने मोजा काढून दाखवला, तर उजव्या अंगठ्याच्या बाजूला रुपयाएवढा फोड. अर्धा नंबर लहान आहेत. चेंडू टाकताना सगळा भार त्याच पायावर येतो, म्हणून नेटमध्ये कापूस कोंबून घालत होती. बोलली नाही, कारण आजीने पेढे वाटले होते.

काल ताईला घेऊन त्यांच्या दुकानी जाऊन आलो. म्हटलं, दोन वर्षांचं करा, दोघांनाही सारखीच नोटीस, चिमणी आमची, बूट मापाचे, नाहीतर तिचे जुनेच चालवून घ्या. माणूस वाईट नाही. चहा मागवला, एकेक कलम पेन्सिलीने खोडत गेला. 'हयातीपर्यंत'वर पेन्सिल थांबली. म्हणाला, "साहेब, कागदावरून काढतो. पण पोस्टरवर लाइफटाइम राहू दे ना, छापून आलेत."

दोनशे पोस्टर. भाचीचा फोटो, खाली कंपनीचे बूट. अजून सही केलेली नाही. पोस्टरवरच्या शब्दाचं काय करायचं, वकीलसाहेब?