डुकराच्या मादीच्या मागच्या खुराला उभी भेग

प्रश्न: लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या 14 माद्या आहेत. तिसऱ्या वेताची एक आठवडाभर मागचा पाय टेकत नाही. धुऊन पाहिलं तर बाहेरच्या नखीला उभी भेग. पावसाळाभर कोबा ओला राहिला, चूक माझीच. विण्याला महिना आहे. धप्पकन बसून पिल्लं चिरडेल याची धास्ती वाटते. मागच्या वेतात 11 वाढवली तिने, विकायला मन होत नाही.

उत्तर: दादा, आधी नाकाडावर फोड, ताप आहे का बघा. असेल तर लाळ्या-खुरकूत समजून आजच डॉक्टर बोलवा. नुसती भेग असली तरी सुजलेल्या पायाला डॉक्टर दाखवाच. ती गाभण आहे, मनाने इंजेक्शन नको.

उत्तर: मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीवरच जास्त भार येतो, म्हणून भेग तिथेच. तिला वेगळी करून कोरड्या भाताच्या पेंढ्यावर ठेवा. बाकीच्यांना पाच टक्के मोरचुदाच्या पाण्यातून चालवा, पण ते पाणी पिऊ देऊ नका. खाद्य काय देता?

प्रश्नकर्ता: मका, कोंडा, हॉटेलचं उरलेलं. मिनरल मिक्श्चर बंद होतं.

उत्तर: मग जस्त कमी पडलं असेल. मक्या-कोंड्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्त अंगी लागू देत नाही. किलो खाद्यामागे 100 मिलिग्रॅम जस्त हवं, शिवाय बायोटिन हे जीवनसत्त्व. फरक दिसायला महिने लागतील, खूर महिन्याला जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाढतो. नवीन माद्या निवडताना दोन्ही नख्या सारख्या बघा, मी तरी त्यावर तडजोड करत नाही.

प्रश्नकर्ता: पेंढा आजच टाकला. डॉक्टर सकाळी येताहेत.